स्रावी विकरे : मज्जापेशींचे रक्षण व रक्तवाहिन्यांची वाढ

(ज्ञातिमंडळाच्या अंबरनाथ येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थी साहाय्य निधी अशा विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. आम्ही आज निवडलेला विषय प्रथमदर्शनी प्रयोगशाळेतला व रूक्ष वाटेल. परंतु ज्या घरात अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेले एखादे माणूस आजवर झाले नाही, असे घर या सभामंडपात विरळाच सापडेल. हातापायांची शक्ती हळूहळू जाऊन, बुद्धी मात्र शेवटपर्यंत लखलखीत राहणारा तो दुसरा दुर्धर रोगही काही कुटुंबांना ठाऊक असेल. या दोन्ही दुखण्यांच्या मुळाशी मज्जापेशींचे मरण आहे, आणि ते मरण टाळण्यात वा घडविण्यात शरीरातील काही विकरांचा मोठा हात आहे. तेव्हा हा विषय आपल्या ओसरीवरचाच आहे, असे समजून आपण तो ऐकावा, ही विनंती.

प्रथम विकर म्हणजे काय ते पाहू. ज्याला सर्वत्र एन्झाइम म्हणतात त्यालाच आपली पाठ्यपुस्तके विकर म्हणतात. विकर हे बहुधा प्रथिन असते. ते स्वतः खर्ची न पडता एखादी रासायनिक क्रिया शतपटीने, सहस्रपटीने, कधी त्याहूनही अधिक वेगाने घडवून आणते. भाकरीचा घास बराच वेळ चावला तर तो गोड लागू लागतो; याचे कारण लाळेतील विकर पिष्टाची साखर करू लागते. शरीरातील बहुतेक विकरे ज्या पेशीत जन्मतात तिथेच राबतात. परंतु काही विकरे पेशी आपल्या उंबरठ्याबाहेर सोडते. ती रसात, रक्तात किंवा दोन पेशींमधल्या जागेत जाऊन काम करतात. यांनाच स्रावी विकरे म्हणावयाचे.

उंबरठ्याबाहेर सोडलेल्या विकराचा धोका उघड आहे. जे विकर मांस पचविते ते स्वतःच्या घरालाही पचवू शकते. म्हणून निसर्गाने दोन बंदोबस्त केले आहेत. पहिला असा की, पुष्कळशी स्रावी विकरे निद्रिस्त रूपात बाहेर पडतात आणि योग्य ठिकाणी पोहोचल्यावरच जागी होतात. अंबरनाथकरांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ज्या गावात विमको कंपनीच्या कारखान्याने अनेक दशके आगकाड्या केल्या, त्या गावातील लहान मूलही जाणते की सुरक्षित काडी वाटेल तिथे घासून पेटत नाही. ती पेटीच्या कडेवरच पेटते. काडीचे एक द्रव्य टोकावर, दुसरे पेटीवर. दोन्ही एकत्र आली की ज्वाला. शरीरानेही आपली ज्वलनशील द्रव्ये अशीच वेगवेगळी ठेवली आहेत. दुसरा बंदोबस्त असा की, बहुतेक प्रत्येक विकरामागे त्याला आवरणारे एखादे रोधक प्रथिन असते. घोडा आहे तिथे लगामही आहे.

या लगामाचा विषय निघाला की एका महाराष्ट्रीय विदुषीचे नाव आदराने घेणे आमचे कर्तव्य आहे. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांचा जन्म १९११ साली झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी वरच्या क्रमांकाने घेऊन त्या १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार मिळाला. त्या मागे हटल्या नाहीत. शेवटी काही अटींवर त्यांना प्रवेश मिळाला, आणि पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली त्यांनी पीएच. डी. मिळविली. विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. श्वसनक्रियेशी संबंधित सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखविले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्या कडधान्यांकडे लक्ष वळविले. स्वादुपिंडातून आतड्यात स्रवणारे ट्रिप्सिन हे प्रथिने पचविणारे विकर. त्याला अडवून धरणारी रोधक प्रथिने आपल्या वालात व डबल बीनमध्ये आहेत, आणि ती स्फटिकरूपात वेगळी काढता येतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९५५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. वाल भिजवावे, मोड आणावे, सोलावे आणि चांगले शिजवून मगच बिरडे करावे, ही आपल्या आजीची रीत केवळ चवीची नव्हती. अशा संस्कारांनी त्या रोधकांचा जोर कमी होतो. स्वयंपाकघरातले शहाणपण आणि प्रयोगशाळेतले ज्ञान यांची अशी गाठ पडलेली पाहून कोणास आनंद होणार नाही?

आता रक्तवाहिन्यांकडे वळू. नवी औद्योगिक वसाहत उभी राहावयाची तर आधी बारवीच्या पाण्याची नळवाहिनी तिथवर यावी लागते. शरीराचेही असेच आहे. प्राणवायू रक्तवाहिनीतून पाझरून फार तर एकदोन दशांश मिलिमीटर अंतरापर्यंत पुरतो. त्यापलीकडची पेशी उपाशी राहते. म्हणून जिथे नवे ऊतक वाढते, जखम भरते किंवा गर्भ वाढतो, तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटाव्याच लागतात. परंतु जुन्या वाहिनीला फांदी फुटावयाची म्हणजे तिच्या भोवतालचे घट्ट वेष्टन आधी कोणीतरी उकलले पाहिजे. हे काम स्रावी विकरांचे.

अशा विकरांचा पहिला पत्ता बेडकाच्या पिलाने दिला, ही मौजेची गोष्ट आहे. पावसाळ्यात आपल्या डबक्यांत शेपटीवाली पिले वळवळतात आणि थोड्याच दिवसांत त्यांची शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही, विरघळते. जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर यांनी १९६२ साली दाखविले की, शेपटीच्या पेशी कोलॅजेन हे चिवट प्रथिन तोडणारे विकर बाहेर सोडतात. त्या कुळातील अनेक विकरे पुढे मनुष्यातही सापडली. नवी रक्तवाहिनी फुटताना वेष्टन उकलणारी विकरे प्रामुख्याने याच कुळातली.

कर्करोगाची गाठही याच व्यवस्थेचा गैरफायदा घेते. गाठ स्वतःकरिता नव्या रक्तवाहिन्या ओढून आणते आणि त्यांवाचून ती फार वाढू शकत नाही, असा सिद्धान्त अमेरिकन शल्यवैद्य ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. मग शोध सुरू झाला तो गाठीकडून निघणाऱ्या या निमंत्रणपत्रिकेचा. हार्वर्ड येथे बर्ट व्हॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी आतड्याच्या कर्कपेशी द्रवात वाढविल्या आणि तो द्रव गाळून, निवडून त्यातून १९८५ साली एक प्रथिन वेगळे काढले. अत्यल्प मात्रेतही ते नव्या रक्तवाहिन्या उगवावयास लावीत असे. त्याला त्यांनी अँजिओजेनिन असे नाव दिले; रक्तवाहिन्या जन्मास घालणारे, असा त्याचा अर्थ. पुढे हेच प्रथिन निरोगी माणसाच्या रक्तातही सापडले. म्हणजे ते मूळचे कर्करोगाचे नव्हे. ते आपले सर्वांचेच आहे.

आश्चर्य पुढेच होते. अवघ्या १२३ अॅमिनो आम्लांच्या या छोट्या प्रथिनाची रचना तपासली तेव्हा ते एका जुन्या ओळखीच्या विकराचे नातलग निघाले. गाईच्या स्वादुपिंडातून अन्नमार्गात स्रवणारे रिबोन्यूक्लिएज हे विकर रिबोन्यूक्लिइक आम्लाचे, म्हणजे ज्याला थोडक्यात आरएनए म्हणतात त्याचे, तुकडे करते. दोघांच्या रचनेत सुमारे एक तृतीयांश साम्य. मात्र आरएनए तोडण्याचे अँजिओजेनिनचे सामर्थ्य त्या नातलगाच्या लाखपट किंवा त्याहूनही कमी. मग हे दुबळे विकर करते तरी काय? शास्त्रज्ञांनी त्याची ती दुबळी तोडण्याची शक्तीही काढून घेतली, तेव्हा त्याचा रक्तवाहिन्या वाढविण्याचा गुणही गेला. तात्पर्य असे की, काम थोडे असले तरी तेच मोलाचे होते. सगळी लाकडे फोडणारी कुऱ्हाड निराळी आणि एकच टाका उसवणारी कात्री निराळी. या कात्रीलाही लगाम आहे. पेशींच्या आत रिबोन्यूक्लिएज-रोधक नावाचे एक प्रथिन असते. ते अँजिओजेनिनला इतके घट्ट धरते की जीवसृष्टीत ठाऊक असलेल्या अत्यंत घट्ट मिठ्यांत त्या मिठीची गणना होते.

आता मज्जापेशींचा विचार करू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, परंतु प्राणवायूचा खप सुमारे वीस टक्के. प्रौढपणी बहुतेक मज्जापेशींची पुन्हा भर पडत नाही; आहे ती पुंजी जन्मभर पुरवावयाची. पायाच्या स्नायूंना हुकूम देणारी पेशी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत बसते आणि तिचा तंतू पावलापर्यंत, जवळजवळ एक मीटर लांब जातो. एवढा लांब संसार सांभाळणारी पेशी एकटी जगू शकत नाही. तिला बाहेरून सतत आधार लागतो, आणि हा आधार स्रवलेल्या प्रथिनांच्या रूपाने येतो.

हे प्रथम उमगले ते सापाच्या विषामुळे. इटलीत जन्मलेल्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना अमेरिकेत काम करताना असे आढळले की, उंदराच्या एका गाठीतील कोणता तरी पदार्थ कोंबडीच्या गर्भातील मज्जातंतूंना भराभर फुटवे आणतो. तो पदार्थ न्यूक्लिइक आम्ल आहे की प्रथिन, हे ठरविण्यासाठी त्यांचे सहकारी स्टॅन्ले कोहेन यांनी त्यात सर्पविष मिसळले. कारण विषात न्यूक्लिइक आम्ल नष्ट करणारे विकर असते. अपेक्षा अशी की वाढ थांबेल किंवा तशीच राहील. प्रत्यक्षात तंतू कितीतरी अधिक फोफावले! विषातच तो पोषक पदार्थ विपुल होता. विष ही सापाची लाळ. म्हणून कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या आणि त्यांतही तो भरपूर सापडला. लाळग्रंथीत हा मज्जावर्धक घटक एका प्रथिन तोडणाऱ्या विकराशी जोडलेला आढळतो, हेही पुढे दिसून आले. या शोधाकरिता दोघांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावर उतारा तयार होतो हे आपण जाणतो. त्याच विषाच्या थेंबाने मज्जापेशींच्या पोषणाचे दार उघडले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते.

मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या शरीरात बहुधा हातात हात घालून चालतात. त्यांची भाषाही बरीचशी एकच आहे. रक्तवाहिन्या वाढविणारा व्हीईजीएफ नावाचा एक स्रावी घटक आहे. प्राणवायू कमी पडला असता तो वाढविणारी कळ ज्या उंदरांत बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी काढून टाकली, त्या उंदरांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी झिजू लागल्या, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा साहजिकच प्रश्न आला, अँजिओजेनिनचे काय?

उत्तर आयर्लंडमधून आले. ज्या रोगात स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी एकामागून एक मरतात, जो फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६९ साली नीट वर्णिला आणि ज्याने पुढे स्टीफन हॉकिंग यांना खुर्चीस जखडले, त्या मोटर न्यूरॉन रोगाच्या रुग्णांत आयरिश व अन्य शास्त्रज्ञांना अँजिओजेनिनच्या जनुकात बिघाड आढळले. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. यांतील बहुतेक बिघाडांमुळे ते विकर तरी निकामी होते किंवा पेशीच्या केंद्रकात पोहोचू शकत नाही. २००८ साली अशाच रोगाच्या उंदरांना अँजिओजेनिन टोचले असता त्यांच्या मज्जापेशी अधिक टिकल्या व उंदीर अधिक काळ जगले. २००९ साली त्याच्या कामाचा एक मार्गही दिसला. पेशीवर संकट आले की अँजिओजेनिन ट्रान्सफर-आरएनए नावाच्या रेणूंचे दोन तुकडे करते. त्या तुकड्यांमुळे पेशी नवी प्रथिने बनविण्याचे खर्चिक काम तात्पुरते आवरते आणि आपली शक्ती जीव वाचविण्यासाठी राखते. दुष्काळात शहाणा गृहस्थ घरातले कार्य पुढे ढकलतो, त्यातलाच हा प्रकार. आणि २०१२ साली असे प्रसिद्ध झाले की, मज्जापेशी हे विकर शेजारच्या आधारपेशींकडे पाठवितात आणि ते त्या शेजाऱ्यांच्या आत जाऊन आरएनए तोडते. शेजारधर्म केवळ चाळीतच असतो असे नाही!

इथे सावधपणे बोलले पाहिजे. अँजिओजेनिनचे हे बिघाड विरळा आहेत. त्यांपैकी काही निरोगी माणसांतही आढळतात. म्हणजे बिघाड असला की रोग होणारच, असे नव्हे. उंदराला जे लाभले ते माणसाला लाभतेच असेही नव्हे, आणि अँजिओजेनिनचे औषध अद्याप बाजारात आलेले नाही. शिवाय जे विकर रक्तवाहिन्या वाढविते ते चुकीच्या जागी गाठीलाही पोसू शकते. म्हणून घाई करून चालणार नाही.

विकराचे गुण आणि दोष एकाच वेळी कसे असतात, याचे ठळक उदाहरण अर्धांगवायूच्या उपचारात आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्या वाहिनीवर अवलंबून असलेला भाग मरू लागतो. एका अमेरिकन अभ्यासकाने २००६ साली केलेल्या हिशेबाप्रमाणे मोठ्या झटक्यात दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात. आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून टीपीए नावाचे एक विकर स्रवते. ते रक्तातील एका निद्रिस्त विकराला जागे करते, आणि ते जागे झालेले विकर गुठळीचे धागे तोडते. टीपीएचे काम गुठळीच्या पृष्ठावरच खरे जोरात चालते. पेटीच्या कडेवरच पेटणाऱ्या काडीची उपमा इथे तंतोतंत लागू पडते. हे विकर कृत्रिम रीतीने बनवून शिरेतून दिल्यास गुठळी विरघळते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगात तीन तासांच्या आत ते दिलेल्या रुग्णांत, तीन महिन्यांनंतर जवळजवळ निर्व्यंग असणाऱ्यांचे प्रमाण निदान तीस टक्क्यांनी अधिक आढळले. परंतु मेंदूत गंभीर रक्तस्रावही सुमारे सहा टक्क्यांना झाला. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविता येते असे दिसले. याच विकराचे सुधारलेले रूप, टेनेक्टेप्लेज, पुण्याची जेनोव्हा कंपनी बनविते. भारतात मेंदूच्या झटक्यासाठी त्याला मान्यता मिळाल्यानंतर कित्येक वर्षांनी, २०२५ साली, अमेरिकेत त्या कामासाठी टेनेक्टेप्लेजला मान्यता मिळाली, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

गंमत अशी की हेच टीपीए मज्जापेशीही स्रवतात. १९९५ सालीच असे दिसून आले की, ज्या उंदरांत ते मुळीच नव्हते, त्यांच्या मज्जापेशी एका विषारी उत्तेजनातून अधिक प्रमाणात वाचल्या. म्हणजे वाहिनीत जे तारक, ते मेंदूच्या गाभ्यात अति झाल्यास मारक. बेडकाच्या शेपटीच्या कुळातील विकरांचेही तसेच. झटक्यानंतर पहिल्या तासांत ती रक्त आणि मेंदू यांमधील तटबंदी मोडतात व सूज वाढवितात. परंतु सातव्या दिवशी उंदरांत त्यांना अडविले तर मेंदूची डागडुजी मंदावते, असे २००६ साली आढळले. कारण नव्या रक्तवाहिन्या फुटावयास तीच विकरे लागतात. विकर स्वतः शत्रू नाही आणि मित्रही नाही. जागा, मात्रा आणि वेळ या तिन्ही गोष्टी त्याचे स्वरूप ठरवितात.

बंधुभगिनींनो, एवढे शास्त्र आम्ही ज्यासाठी सांगितले ते आता स्पष्टपणे मांडतो.

पहिली गोष्ट वेळेची. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर आपल्याकडे आजही काय घडते? कोणी म्हणतो, वारे गेले. कोणी तेल चोळावयास घेतो, कोणी कबुतराचे रक्त शोधत फिरतो, कोणी म्हणतो रात्र जाऊ द्या, सकाळी पाहू. ज्या विकराला साडेचार तासांची मर्यादा आहे त्याला रात्रभर ताटकळत ठेवणे म्हणजे घरच्या माणसाचे चालणे-बोलणे आपल्या हाताने दान करणे होय. डोक्याचे सीटी स्कॅन झाल्यावाचून झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे कळत नाही. म्हणून घरच्या घरी अॅस्पिरिनही देऊ नये. लक्षण दिसले ती वेळ घड्याळात पाहून लिहावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि जिथे स्कॅन व हे इंजेक्शन दोन्ही आहेत अशाच रुग्णालयाकडे न्यावे. अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला कल्याण, ठाणे वा मुंबई गाठावी लागली तर कोणत्या वेळी कोणता रस्ता तुंबतो हे आपल्या तरुणांस चांगले ठाऊक आहे. २०२४ साली सुरू झालेल्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अंबरनाथचेही एक आहे, ही आशेची गोष्ट होय. परंतु आशेवर विसंबून चौकशी टाळू नये.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. ‘एन्झाइमच्या गोळ्यांनी नसा पुन्हा जिवंत होतात’ असे सांगणारे लोक आजारी माणसाच्या दारात हटकून येतात. गिळलेले विकर हे शेवटी प्रथिनच. पोटातील आम्ल व तिथली विकरे त्याचा बहुतांश भाग डाळीच्या प्रथिनाप्रमाणेच पचवून टाकतात. सुजेवर वर्षानुवर्षे खपलेली एक विकराची गोळी, सेराशियोपेप्टिडेज, जपानमधील तिच्या मूळ कंपनीनेच २०११ साली बाजारातून मागे घेतली. कारण पुनःपरीक्षणात ती साखरेच्या गोळीहून सरस ठरली नाही. मेंदूतील विकरे तर याहून कितीतरी दूर. दागिने गहाण टाकून अशा उपचारांमागे धावण्यापूर्वी मज्जारोगतज्ज्ञाचा एक सल्ला घ्यावा. तो बहुधा एका तोळ्याहून स्वस्त पडतो!

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक, आणि ती या व्यासपीठावरच बोलली पाहिजे. जनुकांतील बिघाडांविषयी थोडे ऐकले की लोक सोयरिकी मोडू लागतात. मुलीच्या मामाला हातापायांचे दुखणे होते, एवढ्या कुजबुजीवर ठरलेली लग्ने फिरतात. आणि उलट बाजूस, खरोखरच घराण्यात चालत आलेले दुखणे वधूवर मेळाव्याच्या अर्जात कोणी लिहीत नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच अनिष्ट आहेत. मोटर न्यूरॉन रोगाच्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांच्या घराण्यात तो पूर्वी कोणास झालेला आढळत नाही. म्हणजे एका माणसाच्या दुखण्यावरून सगळ्या कुळावर ठपका ठेवणे शास्त्राला मुळीच मान्य नाही. परंतु ज्या थोड्या घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, त्यांनी लपविण्याऐवजी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेणे हेच मुलाबाळांच्या हिताचे. आता विशिष्ट जनुकाच्या बिघाडावर औषधे येऊ लागली आहेत. त्यांपैकी एकाला, टोफर्सन याला, अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. ज्याने आपल्या रोगाचे जनुक जाणून घेतले त्यालाच उद्या अशा औषधाचा उपयोग होईल. ज्याने लपविले त्याला कसा होणार? आपण मर्यादित आडनावांत सोयरिकी करणारे लोक आहोत. म्हणून परस्परांशी खरे बोलण्याची गरज इतरांहून आपल्याला अधिक आहे. दुखणे हे पाप नव्हे, पूर्वजांचा शाप नव्हे आणि घराण्याचा कलंक तर मुळीच नव्हे. एका प्रथिनातील १२३ मण्यांपैकी एखादा मणी बदलला, एवढेच त्याचे स्वरूप असू शकते.

यास अनुसरून कार्यकारी मंडळापुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवतो. एक, पुढील स्मरणिकेच्या मलपृष्ठावर अर्धांगवायूची लक्षणे, आणि ज्या रुग्णालयांत चोवीस तास स्कॅन व गुठळी विरघळविण्याचे औषध मिळते त्यांचे पत्ते, चौकशी करून छापावेत. जाहिरातीचे एक पान कमी झाले तरी चालेल. दोन, प्रत्येक हळदीकुंकू, कोजागिरी व संमेलनाच्या वेळी रक्तदाब मोजण्याची सोय करावी. अर्धांगवायूच्या कारणांत चढा रक्तदाब अग्रभागी आहे, आणि तो मुकाट्याने चढतो. तीन, रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना, विशेषतः सुनांना, आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा म्हणून शेजारच्या कुटुंबांनी पाळी लावावी. मज्जापेशीला शेजारच्या पेशीशी नाते ठेवावे लागते, तर माणसाला शेजारच्या माणसाचा आधार नको काय? चार, विद्यार्थी साहाय्य निधीतून जीवरसायनशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या निदान एका मुलीस दरसाल मदत द्यावी. कमलाबाईंना एके काळी दारातून परत पाठविण्यात आले होते. आपल्या मुलींना त्या दारापर्यंत जाण्याचे भाडे आपण देऊ या.

या गावचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, शिलाहारांच्या काळी उभे राहिले. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्याने सोसले. दगडाला टिकण्यासाठी फार काही लागत नाही. जिवंत पेशीचे तसे नाही. तिला रोज अन्न लागते, रक्त लागते, शेजाऱ्यांकडून येणारे द्रव्य लागते आणि संकटकाळी खर्च आवरण्याची अक्कल लागते. कुटुंबाला व ज्ञातीलाही याहून वेगळे काही लागत नाही.